खाऱ्या पाण्यानं धुतलेली चाकं

बाबल्या तांडेलाला गाडीतलं काही म्हणजे काही कळत नव्हतं, आणि ते कबूल करायलाही तो तयार नव्हता. सारा जन्म समुद्रात गेलेला माणूस. होडीचं इंजीन नुसतं कानानं ऐकून सांगायचा, याला कुठं दुखतंय ते. पण मिऱ्यावरच्या, समुद्राच्या बंधाऱ्यालगतच्या त्याच्या अंगणात, सुरूच्या सावलीत उभी असायची ती छोटी पांढरी चारचाकी त्याच्या लेकाची होती, अजिंक्यची. आणि अजिंक्य आता नव्हता. कावीळ झाली, पोरानं अंगावर काढली, आणि बघता बघता तरणाताठा मुलगा हातचा गेला. मागं राहिली बायको रुचिरा, शाळेत जाणारी राही, म्हातारे आईबाप आणि ही गाडी.

मग बाबल्यानं काय करावं? तो गाडी धुवायला लागला.

रोज भरतीचं पाणी बंधाऱ्याच्या दगडांना लागलं की हा दोन बादल्या भरून आणायचा. आणि धुवायचा कशी? होडी धुतात तशी, खालून. होडीचा जीव तिच्या बुडाशी. म्हणून सगळं पाणी सपासप चाकांवर आणि पोटाखाली. टपावरनं नुसतं ओलं फडकं. नळाला पाणी येत नव्हतं असं नाही, एक दिवसाआड का होईना यायचं. पण गोडं पाणी लाकडाचा वैरी, हे बाबल्याला त्याच्या बापानं शिकवलेलं. होडीत पावसाचं पाणी तुंबून राहिलं की फळी कुजते, खाऱ्या पाण्यानं लाकूड मुरतं आणि टिकतं. आता गाडी लाकडाची नसते हे शेंबडं पोरही सांगेल! पण दुःखात माणूस हाताला येतं तेच करतो, आणि बाबल्याच्या हातांना एवढंच येत होतं. वाडीतले लोक बघायचे आणि गप्प बसायचे. ज्याचा पोरगा गेलाय त्याला काय सांगणार, बादली खाली ठेव म्हणून?

रुचिरा तर वर्षभर त्या गाडीकडं ढुंकूनही बघत नव्हती. गाडीच्या काचेवर सकाळचं ऊन चमकलं तरी ती खिडकी लावून घ्यायची.

ती नर्सिंग शिकलेली. माहेर मंडणगडचं. दिवाळी झाली आणि तिच्या नावाचं नेमणुकीचं पत्र आलं, मंडणगडच्याही वरच्या अंगाला, डोंगरातल्या एका उपकेंद्रात. एसटी तिथं सकाळी एकदा येते आणि संध्याकाळी एकदा जाते. अडीअडचणीला, अवेळी कुणाचं बाळंतपण निघालं तर जायचं कसं? स्वतःची गाडी असेल तरच ही नोकरी घ्यावी, असं तिथल्या डॉक्टरीणबाईंनीच फोनवर सांगितलं. रुचिरा विचारात पडली. मग एका सकाळी तिनं खुंटीवरची गाडीची किल्ली काढली. चंपक मैदानावर अजिंक्यनंच तिला गाडी शिकवली होती. शिकवताना दोघं इतकी भांडायची की मैदानावरची पोरं क्रिकेट थांबवून मजा बघायची.

"तात्या, मी राहीला घेऊन जाते," ती सासऱ्यांना म्हणाली. "आणि गाडी पण नेते. चालेल ना?"

"चालंल काय, तुझीच हाय ती," बाबल्या म्हणाला. तोंडानं म्हणाला हो. पण हातातला चहाचा कप त्यानं न पिताच खाली ठेवला.

अजिंक्यचा दोस्त विठू, त्याचं साळवी स्टॉपला टायरचं दुकान. रुचिरानं त्याला बोलावलं, हवा भरून गाडी तपासून घ्यायला. विठू आला, चाकाशी वाकला. मग त्यानं पान्याच्या टोकानं रिमवर, म्हणजे टायर ज्या लोखंडी चाकावर चढवतात त्यावर, सहज टकटक केलं. टोक आरपार गेलं! लाल भुगा त्याच्या चपलेवर सांडला.

"हे काय? रिमचा नुसता पापड झालाय!" विठू म्हणाला. "वहिनी, ही गाडी समुद्रात घातलेली काय कुणी?"

दाराजवळ त्या सकाळची बादली होती, अजून ओली. विठूनं पाण्यात बोट बुडवून जिभेला लावलं आणि मान खाली घातली. बाबल्याला तेव्हा कळलं. त्या घटकेला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं त्याला झालं.

कमळा, त्याची बायको, बाजारात मासे विकून विकून जिभेला धार आलेली बाई. ती थोडीच सोडणार? "प्वोराची येक वस्तू ऱ्हायली होती घरात," ती कडाडली. "ती पन खाल्लीत तुमी! खारा पानी वता, वता म्हनून कोनी सांगितलान तुमाला? मसनात गेली ती होडी आनि तिचा लाकूड!" आणि बोलता बोलताच ती पाठ फिरवून आत गेली.

विठू भला माणूस. त्यानं गाडीखाली आडवं पडून सगळं पाहिलं. ब्रेक साफ करता येतील, बूड खरवडून रंग मारता येईल, पण चारी चाकं बदलायलाच हवीत, म्हणाला. त्यात हे जुनं मॉडेल, तसली चाकं आता सहजी मिळत नाहीत. "मी कोल्हापूरला विचारतो. पण वहिनी, सोमवारी तुम्हाला हजर व्हायचंय, तोवर येतील असं काही सांगता येत नाही."

"चाकं मी आनतो," बाबल्या म्हणाला.

"तात्या, चार भोकं जुळली म्हणजे चाक बसलं असं नसतं हो."

"मंग कसा असता ता दाखव. मी शिकतो."

विठूनं डिकी उघडली. आत स्टेपनी होती, जादाचं पाचवं चाक. त्याला पाण्याचा थेंब लागला नव्हता. काळं, तुकतुकीत, अजिंक्यनं पुसून ठेवलं तसंच. विठूनं ते अंगणात आडवं घातलं आणि दाखवलं. ही चार भोकं, यांतनं बोल्ट जातात, त्यांच्यातलं अंतर केसाचंही चुकता नये. हे मधलं मोठं भोक, गाडीचा तुंबा, म्हणजे आसाच्या टोकाचा गोल भाग, यात घट्ट बसला पाहिजे, कारण गाडीचं ओझं त्यानं पेलायचं, बोल्टांनी नव्हे. आणि ही मागची खोली. चाकाच्या मागच्या काठापासून, बोल्ट जिथं आवळतात त्या पत्र्यापर्यंत. ती कमीजास्त झाली की चाक बाहेर तरी येतं, नाहीतर आत तरी जातं, आणि वळणावर घासतं. उंची-रुंदी तर सारखी हवीच, नाहीतर टायरच चढणार नाही.

बाबल्यानं सगळं ऐकून घेतलं. आकडे त्याच्या डोक्यात राहिले नाहीत, पण गोष्ट कळली. होडीचा पंखा दांड्यावर जरा सैल बसला की अख्खी होडी कापते, हे त्याला कुणी शिकवायला नको होतं. त्यानं आपली मापं आपल्या पद्धतीनं घेतली. फणसाच्या लाकडाचा एक गोल गट्टू कोरला, स्टेपनीच्या मधल्या भोकात दाबून बसेल असा, ना सैल ना घट्ट. खोलीसाठी सुंभाच्या दोरीला शिशाचा गोळा बांधला, पाण्याची खोली मोजायला सोडतात तसा, आणि नेमक्या जागी गाठ मारली. बोल्टांसाठी बांबूच्या चार काड्या. दोन चाकं एकमेकांवर ठेवायची, काड्या चारी भोकांतनं सरळ खाली उतरल्या तर जुळलं. राही शेजारी बसून एकेक काडी तासून देत होती. तिला वाटलं, आबा नवा खेळ करतायत.

आणि मग म्हातारा निघाला, स्टेपनी घेऊन. रिक्षात मांडीवर चाक, एसटीत पायाशी चाक, उतरला की रस्त्यानं घरंगळत चाक. शहरातल्या मारुती मंदिरापासून मिरजोळ्याच्या एमआयडीसीपर्यंत एक दुकान सोडलं नाही. "काय तांडेल," ओळखीचे लोक चिडवायचे, "चाक तुम्ही फिरवताय की चाक तुम्हाला फिरवतंय?" बाबल्या हसायचा नाही. "फिरतोय ता बघा आनि गप ऱ्हवा," म्हणायचा आणि पुढं व्हायचा.

उद्यमनगरात एकाकडं चार चाकं मिळाली. काय झकपक! चांदीसारखी, ताऱ्यासारख्या पाकळ्या असलेली. काड्या चारी भोकांतनं सरळ उतरल्या. दुकानदार म्हणाला, "बसतात बिनधास्त, घेऊन जा. नाही पटली तर आणून द्या." घाईत बाबल्यानं ना गट्टू लावून बघितला, ना गोळा सोडला. विठूनं एक चाक गाडीला चढवलं, चार नट लावले. चाक बसलं! राहीनं टाळ्या पिटल्या. रुचिराही किती दिवसांनी मनापासून हसली. "तात्या, जिंकलंत हो," ती म्हणाली.

विठू मात्र हसला नाही. त्यानं नट ढिले करून चाक हातानं हलवलं, ते तुंब्यावर खडखडलं. मधलं भोक मोठं होतं. मग नट आवळून, गाडी जॅकवरनं उतरवून त्यानं स्टिअरिंग शेवटपर्यंत फिरवलं, आणि टायर बाहेरच्या पत्र्याला कर्रकन घासला. "गावात चालेल," तो म्हणाला. "बाजारात जा, शाळेत पोचवा, काही होणार नाही. पण घाटात, सामान भरून, एकामागून एक वळणं? बोल्ट तुटतील, नाहीतर टायर फाटेल. वहिनी, मी तरी ही लावून देणार नाही."

रुचिराचं हसू मावळलं. बाबल्याचाही चेहरा पडला. निदान पडला असं सगळ्यांना वाटलं. खरं काय ते एकट्या त्याला ठाऊक. त्या घटकेला त्याच्या छातीवरचा धोंडा कुणीतरी उचलून बाजूला ठेवला होता, आणि स्वतःच्या या सुखाची त्याला भारी लाज वाटली. त्या दिवशी तो दोन घास जास्त जेवला. पोरी अजून घरात होत्या. राही त्याच्याच ताटातला एकेक कोलंबी उचलून खात होती. अजिंक्य असाच खायचा, न विचारता. या दोघी गेल्या की ताटात हात घालणारं कुणी उरणार नव्हतं. कमळा आणि तो, समोरासमोर बसून, एकमेकांकडं न बघता जेवणार. ते त्याला नको होतं. नको म्हणजे नकोच होतं!

तरी तो शोधायला जात राहिला. जात राहिला म्हणजे त्याचे पाय जात राहिले. आणि शुक्रवारी दुपारी, हातखंब्याच्या अलीकडं हायवेलगतच्या एका भंगारवाल्याच्या आवारात, पाठीमागनं ठोकर बसलेली एक गाडी त्याला दिसली. तेच मॉडेल. मागचा भाग चेपलेला, पण चारी चाकं आधीच काढून बाजूला रचलेली, काळी, साधी, एकाही चाकाला ठोकर नाही, गंज नाही. त्यानं स्टेपनी वर ठेवली. काड्या उतरल्या. शिशाचा गोळा सोडला, गाठ बरोबर काठावर आली. मग गट्टू काढला. गट्टू मधल्या भोकावर ठेवून अंगठ्यानं दाबला आणि तो खट्‌दिशी आत बसला. चारी चाकांत तसाच बसला.

चांगल्या माणसानं काय करायचं? तिथल्या तिथं चाकं रिक्षात घालून घरी आणायची. बाबल्या चांगला माणूस होता, हे वाडीत कुणीही सांगेल. पण तो तिथं उन्हात कितीतरी वेळ उभा राहिला, आणि मग भंगारवाल्याला म्हणाला, "ठेव बाजूला. कोनाला देव नको." आणि स्टेपनी घरंगळत एसटीच्या थांब्यावर आला.

घरी सगळी वाटच बघत होती.

"मिळाली काय?" कमळेनं विचारलं.

"नाय मिळाली," बाबल्या म्हणाला, आणि पाय धुवायला मागं निघून गेला.

शनिवारी दिवेलागणीला रुचिरानं गाडीचा मागचा दरवाजा उघडला. मागच्या सीटवर तिनं आधीपासूनच सामान लावायला घेतलं होतं, पांढरा गणवेश सगळ्यात वर, इस्त्री करून. तो तिनं उचलला, छातीशी धरला आणि घरात आणून ट्रंकेत तळाशी घातला. ओट्यावर बसलेल्या बाबल्यानं ते पाहिलं. ती बाहेर आली तेव्हा तिच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं. रडणंही नव्हतं. अजिंक्यला नेलं त्या दिवशी तिचा असाच चेहरा होता.

"आई, तात्या, मी उद्या डॉक्टरीणबाईंना फोन करून नाही म्हणून सांगते," ती म्हणाली. "गाडीशिवाय तिथं जाऊन उपयोग नाही. आणि चाकांचं काही जमत नाही. राहू दे. इथंच राहते."

"म्हणजे आपण जायचं नाही?" राही उड्या मारायला लागली. "आबा, आपण जायचं नाही!"

हेच हवं होतं ना बाबल्याला? मिळालं की! न मागता मिळालं. सून राहणार, नात राहणार, गाडी अंगणात राहणार.

कमळा म्हणाली, "अगो, थांब जरा. येवढी घाय करू नको. उद्याचा दिस हाय अजून. अवो, उठा. देवाला नारळ ठेवते, गाऱ्हाना घाला. देव काय बहिरा हाय?"

आता गाऱ्हाणं म्हणजे काय, ते कोकणातल्या माणसाला सांगायला नको. देवासमोर नारळ ठेवायचा, उभं राहून मनातलं मोठ्यानं सांगायचं, आणि बाकीच्यांनी दर वाक्याला "व्हय म्हाराजा" म्हणून साथ द्यायची. साऱ्या वाडीचं गाऱ्हाणं बाबल्याच घालायचा. होड्या निघायच्या असोत, कुणाचं लग्न असो, बाबल्याचा खडा आवाज लागला की देवसुद्धा कान देऊन ऐकत असेल, असं लोक म्हणायचे. आणि तिथं एक गोष्ट कुणी करत नाही. गाऱ्हाण्यात खोटं बोलत नाही. माणसाशी बोलेल, पोलिसाशी बोलेल, बायकोशी तर रोज बोलेल. नारळासमोर नाही.

बाबल्या उठला. टोपी नीट केली. नारळ समोर. एका बाजूला कमळा, एका बाजूला हात जोडून रुचिरा, मधे राही.

"बा देवा म्हाराजा," त्यानं सुरुवात केली.

"व्हय म्हाराजा," तिघी म्हणाल्या.

"आज ही तुजी लेकरा तुज्या पायाशी हुबी हायत."

"व्हय म्हाराजा."

"सूनबायला दूर गावाला जायचा हाय. गाडीची चाका..."

आणि थांबला. समोरचा नारळ हलल्यासारखा दिसायला लागला. कमळेला वाटलं, लेकाच्या आठवणीनं गहिवरलाय, तिनं पदर डोळ्याला लावला. बाबल्यानं एकदा रुचिराकडं पाहिलं. त्या पोरीनं डोळे गच्च मिटले होते आणि ओठ हलत होते. ती मनापासून मागत होती. राहते म्हणाली होती, पण आतून ती अजून मागतच होती, चाकं मिळू देत, मला जाऊ दे म्हणून. आणि त्याला एकदम बंधाऱ्यावरच्या आपल्या बादल्या दिसल्या. रोजच्या. मायेनं ओतलेल्या.

"चाका मिळालीत म्हाराजा," तो म्हणाला. आवाज फाटला. "कालच मिळालीत. हातखंब्याला. मी लपवली. माजी नात जाईल, माजी सून जाईल, माज्या घरात कोन ऱ्हानार नाय, म्हनून मी लपवली म्हाराजा. चुकी झाली. पदरात घे. तिची चाका तिला दे, तिला जाव दे."

कमळेचे जोडलेले हात खाली आले. रुचिरानं डोळे उघडले. राहीला मात्र गाऱ्हाणं संपल्यावर काय म्हणायचं तेवढंच माहीत. ती एकटीच, घंटेसारख्या आवाजात म्हणाली, "व्हय म्हाराजा!"

बाबल्या तिथंच खाली बसला आणि तोंड झाकून लहान पोरासारखा रडला. पोराच्या दहाव्यालाही तो इतका रडला नव्हता.

बऱ्याच वेळानं रुचिरा त्याच्याजवळ येऊन बसली. रागावली होती ती, का नाही रागावणार? पण शेवटी म्हणाली ते असं, "तात्या, मला नुसतं सांगायचं होतंत. राहा म्हणाला असतात, तर मी राहिले असते हो."

"व्हय," बाबल्या म्हणाला. "मन मारून ऱ्हायली असतीस. ता माज्या ध्यानात आला. म्हनून तर सांगितला."

रविवारी विठूनं चाकं आणली आणि बसवली. टायर चढले, चाक तुंब्यावर सरकलं ते लोणी लावल्यासारखं. स्टिअरिंग इकडून तिकडं फिरवलं, कुठं घासलं नाही. नट त्यानं समोरासमोरचे आवळले, एक इकडचा, एक तिकडचा. शेवटचा फेर त्यानं बाबल्याला मारायला दिला. म्हाताऱ्यानं सगळं अंग लावून एकेक नट आवळला. काम नीट करायचं म्हटलं की त्याला अर्धवट करता यायचं नाही, मग त्या कामानं स्वतःच्या काळजाचं काही का होईना.

संध्याकाळी कमळा स्वतः नळाच्या पाण्याची कळशी घेऊन अंगणात आली. ती त्याच्यासमोर ठेवली. बाबल्यानं अजिंक्यच्या गाडीला पहिल्यांदा गोड्या पाण्यानं आंघोळ घातली.

सोमवारी उजाडता उजाडता निघायचं ठरलं. सामान भरताना रुचिरा डिकीपाशी थबकली. स्टेपनीवर हात ठेवून म्हणाली, "तात्या, हे चाक ठेवा तुमच्याजवळ. यांच्या हातचं आहे. मी दुसरं बघते."

बाबल्याच्या तोंडाला पाणीच सुटलं म्हणा ना! हात पुढं गेलाही. मग त्यानं तो मागं घेतला. "नको गो. वाटंत पंक्चर झाली तर तुला कोन देनार हाय? गाडीतच असू दे." आणि स्वतःच ते चाक नीट दाबून बसवलं. वर म्हणाला, "चिपळुनाला थांब. नट परत आवळून घे. नवीन चाका हायत, थोडी चालली की नट सैल पडतात. इसरू नको. चिपळुनाला." हे त्यानं एवढ्या वेळा सांगितलं की विठू असता तर वैतागला असता. रुचिरा वैतागली नाही. दर वेळी "हो तात्या" म्हणाली. तिला कळत होतं, म्हातारा नटांबद्दल बोलत नाहीये.

चाकासमोर नारळ फुटला. कमळेनं गाडीला हळदकुंकू लावलं, सुनेला लावलं, आणि नातीला इतकी घट्ट धरली की पोर गुदमरली. राहीनं बाबल्याच्या खिशातला फणसाचा गट्टू मागून घेतला. त्याचा भोवरा करणार होती ती. गाडी सुरू झाली तशी तिनं काच खाली केली.

"आबा, तिकडं गाडी कोण धुणार?"

"आये धुईल. गोड्या पान्यानं, बरा काय."

"आणि मग तुम्ही काय धुणार?"

गाडी फाटकाबाहेर पडली, बंधाऱ्याच्या कडेनं गेली, वळणावर चाकं सरळ, शांत फिरली. घासली नाहीत, हलली नाहीत. अगदी बरोबर बसली होती. नाव ठेवायला जागा नव्हती.

सकाळी चिपळूणहून फोन आला, नट आवळले म्हणून. दुपारी मंडणगडहून आला, सुखरूप पोचलो म्हणून. रात्री कमळा आणि बाबल्या जेवली. तिनं सवयीनं कोलंबी जास्त रांधली होती. ती तशीच उरली.

दुसऱ्या दिवशी भरतीचं पाणी बंधाऱ्याला लागलं आणि बाबल्या दोन बादल्या भरून घेऊन आला. अंगणात आल्यावर त्याला उमगलं. सुरूखालची जागा मोकळी होती. लाल मातीवर चार ठिकाणी गंजाचे काळपट डाग होते, चौकोनात, जिथं इतके दिवस चाकं उभी होती तिथं. तो बादल्या धरून तसाच उभा राहिला. पुढं काय करायचं ते त्याला कळेना.

कमळा बाजाराला निघाली होती, डोक्यावर टोपली. तिनं ते पाहिलं. बाबल्याला वाटलं, आता हिच्या तोंडाचा पट्टा सुटणार. त्यानं मान खाली घातली.

कमळेनं टोपली खाली उतरवली. जवळ आली. एक बादली तिनं त्याच्या हातातनं घेतली आणि त्यातलं पाणी पहिल्या डागावर हळूहळू सोडलं.

"वता," ती म्हणाली. "वता तुमी पन. आता काय गंजनार हाय हितं?"

मग दोघांनी मिळून चारी डागांवर पाणी ओतलं.